शिडाची फळी आणि तिचे पाणी

कोकणच्या किनाऱ्यावरचे गलबत असो, की अरबस्तानातून येणारे तारू असो, शिडाच्या नौकेची डोलकाठी नौकेच्या पोटात पक्की रोवलेली असते. वारा शिडाला ढकलतो, शीड काठीला ढकलते, काठी नौकेला पुढे नेते; आणि नौका कोणीकडे वळवावयाची हे मागे सुकाणू धरून बसलेला माणूस ठरवितो. हजारो वर्षे नौकानयनाची ही व्यवस्था अढळ राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यास ती मोडली, आणि मोडणारे कोणी नौदलाचे अधिकारी अथवा जहाजबांधणीतले पंडित नव्हते. त्यांत बारा वर्षांचा एक इंग्रज मुलगा होता, दुकानांच्या पाट्या रंगविणारा एक अमेरिकन होता आणि विमानांचा एक अभियंता होता. त्यांनी डोलकाठी रोवलीच नाही. एका फळीवर लवचिक सांधा बसवून त्यावर ती मोकळी उभी केली, आणि तिला सावरून धरण्याचे काम माणसाच्या दोन हातांवर सोपविले. सुकाणूही गेले. शीड पुढे झुकविले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते. मागे झुकविले की ते वाऱ्याकडे येते. ज्याला आज विंडसर्फिंग म्हणतात त्या क्रीडेचे सारे मर्म एवढ्यात आले.

फळी मात्र नवी नव्हती. १७७९ साली कॅप्टन कुकची जहाजे हवाई बेटांतल्या केआलाकेकुआ उपसागरात असताना लेफ्टनंट जेम्स किंग याने तेथील लोक लाटांवर फळ्या घालून कसे किनाऱ्याकडे झेपावतात, याचे वर्णन लिहून ठेवले. त्या बेटांवर फळ्यांचे प्रकार ठरलेले होते. ‘अलाया’ ही पातळ फळी कोणीही वापरावी. ‘ओलो’ नावाची लांबलचक व जड फळी सरदारांची. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात असलेल्या जुन्या ओलो फळ्या टॉम ब्लेक या अमेरिकन जलतरणपटूने १९२०च्या दशकात दुरुस्त केल्या आणि त्यांच्यावरूनच त्याला पोकळ फळीची कल्पना सुचली. भरीव लाकडाच्या फळीपेक्षा ती पुष्कळ हलकी होती. १९३५ साली त्याने फळीच्या बुडाला माशाच्या परासारखी एक पट्टी जोडली. ही पट्टी दिसावयास क्षुल्लक. पण तिच्यामुळे फळी आडवी घसरावयाची थांबली. पुढे शीड लावणाऱ्यांना तिच्यावाचून एक पाऊलही टाकता आले नसते.

त्याच हवाईत, वैकिकीच्या किनाऱ्यावर, पाहुण्यांना लाटांवर नेणारे तरुण कधी कधी फळीवर उभे राहून लांब वल्ह्याने ती चालवीत. बसण्यापेक्षा उभ्याने दूरवरची लाट दिसते, नवशिक्यांवर नजर ठेवता येते आणि त्यांची छायाचित्रेही काढता येतात, एवढाच त्यातला हेतू. या साध्या सोयीला पुढे अर्धशतकानंतर स्वतंत्र क्रीडेचे स्वरूप येईल, असे त्या काळी कोणाच्या स्वप्नीही आले नसेल.

आता शिडाकडे वळावे. १९५८ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स या बारा वर्षांच्या मुलाने एका फळीवर मोकळ्या सांध्याचे शीड उभे केले आणि सुटीच्या दिवसांत ते तो उघड्यावर, लोकांच्या देखत, चालवीत राहिला. १९६४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात न्यूमन डार्बी याने पतंगाच्या आकाराचे शीड हातात धरून चालविण्याची सपाट फळी केली. तिच्यावर माणूस शिडाला पाठ लावून उभा राही. समुद्र तेथून दूर. आसपास नदी आणि तळी. लाटा नाहीत, वारा बेताचा, म्हणून ही सपाट फळी तेथे शोभली. १९६५च्या ऑगस्टमध्ये ‘पॉप्युलर सायन्स’ या मासिकात डार्बीने तिची सचित्र माहिती छापली. पण पेटंट काही घेतले नाही. आणि १९६७ साली कॅलिफोर्नियात जिम ड्रेक या विमान-अभियंत्याने, हॉइल श्वाइट्झर या मित्राच्या साथीने, तिसरी फळी पाण्यात सोडली. तिचे शीड त्रिकोणी होते, आणि शिडाच्या दोन्ही अंगांनी वळलेली कमान हाताच्या पकडीला दिलेली होती. माणूस वाऱ्याच्या बाजूस उभा राहून, अंग मागे टाकून, शिडाचा ओढा स्वतःच्या वजनाने तोलू लागला. हीच रचना पुढे जगभर गेली. १९६८च्या मार्चमध्ये दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९७०च्या जानेवारीत ते मिळाले. १९७३ साली ड्रेकने आपला निम्मा हक्क ३६,००० डॉलरांना श्वाइट्झरच्या कंपनीला विकून टाकला. फळ्यांची खरी विक्री त्यानंतरची आहे. शोधकाला हिशेब क्वचितच साधतो, तो असा.

पेटंट म्हटले की दावा आलाच. इंग्लंडमध्ये श्वाइट्झरच्या कंपनीने ‘ताबूर मरीन’ या प्रतिस्पर्ध्यावर खटला भरला, आणि उत्तरादाखल प्रतिपक्षाने हेलिंग बेटावरच्या त्या मुलाची फळी न्यायालयापुढे मांडली. वादीचे म्हणणे असे, की मुलाच्या शिडाची काठी सरळ होती, पेटंटातली कमान वाकडी आहे. तेव्हा दोन्ही एक नव्हेत. अपील न्यायालयाने सांगितले, की सरळ काठ्यांनासुद्धा वारा भरताच बाक येतच होता. मुलाने ती उघड्यावर वापरली, तेवढ्याने ही गोष्ट लोकांना माहीत झाली. आणि डार्बीचा लेख वाचणाऱ्या जाणत्या माणसाला पुढची सुधारणा आपोआप सुचण्यासारखी होती. इंग्लंडातले पेटंट रद्द झाले. १९८५ साली कायद्याच्या अहवालांत छापला गेलेला हा निवाडा, एखादी कल्पना ‘सहज सुचण्याजोगी’ आहे की नाही हे ठरविण्यासाठी इंग्रजी कायद्यात आजही आधाराला घेतला जातो. बारा वर्षांच्या पोराच्या खेळण्याने कायद्याच्या पुस्तकात अशी जागा पटकावल्याची उदाहरणे फार नसावीत. अमेरिकेत मात्र ते पेटंट मुदत संपेपर्यंत टिकून राहिले.

कोर्टाच्या या कथेपेक्षाही फळीच्या पुढच्या इतिहासात शिकण्यासारखे अधिक आहे. १९७०च्या दशकात ही क्रीडा युरोपात शिरली आणि तेथे तिचे अक्षरशः वेड लागले. सुमारे साडेतीन मीटर लांबीची ती फळी मोटारीच्या टपावर बांधून कोणत्याही तळ्यावर नेता येई. तिला बंदर नको, धक्का नको. मंद वाऱ्यात ती संथ चाले, पण चाले. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले, आणि नेदरलँड्सचा स्टेफान व्हॅन डेन बर्ग पहिले सुवर्णपदक घेऊन गेला.

परंतु याच सुमारास हवाईत दुसरेच काही घडत होते. तेथे व्यापारी वारे दिवसेंदिवस जोराने वाहतात आणि लाटाही मोठ्या. १९७७च्या सुमारास ओआहू बेटावरील कायलुआच्या तरुणांनी फळीवर पाय अडकविण्याचे पट्टे बसविले, म्हणजे लाटेवरून उडी घेतली तरी फळी पायांखालून निसटत नाही. त्याच कायलुआचा रॉबी नेश १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, जगज्जेता झाला होता. पुढे माउई बेटावरील होओकिपा हे या मंडळींचे तीर्थक्षेत्र बनले. फळ्या आखूड झाल्या, अरुंद झाल्या, आणि शेवटी इतक्या लहान झाल्या की उभे राहिल्यास त्या माणसासकट बुडत. जोराच्या वाऱ्यात वेग आला की मगच त्या पाण्यावर तरंगून धावत. होओकिपाला ही फळी सर्वथा योग्य होती. दोष असा घडला, की मासिकांतली उडीची चित्रे पाहून जर्मनीतल्या तळ्याकाठच्या माणसानेही तीच विकत घेतली. त्याच्या तळ्यावर तसा वारा वर्षातून मोजके दिवस येई. उरलेले दिवस तो काठावर बसून राहिला, आणि पुढे त्याने फळी अडगळीत टाकली. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून या क्रीडेला जी ओहोटी लागली तिची कारणे अनेक आहेत. पण एका पाण्यासाठी घडविलेली फळी दुसऱ्या पाण्यावर विकली गेली, हे त्यांतले मोठे कारण मानावयास हरकत नाही.

ही चूक उमगलेल्यांत खुद्द ड्रेकही होता. उतारवयात त्याने थायलंडमधील ‘स्टारबोर्ड’ या कंपनीबरोबर रुंद फळ्यांच्या रचनेवर काम केले. लांबी कमी, पण रुंदी ऐसपैस; नवशिका उभा राहिला तरी डळमळू नये, हा त्यांतला विचार. दुसऱ्या बाजूने, विसाव्या शतकाच्या अखेरीस माउईवर लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी वैकिकीची ती जुनी उभ्याने वल्हविण्याची रीत पुन्हा हाती घेतली. तिला वारा लागत नाही, लाटही लागत नाही. ज्या तळ्यांनी शिडाची आखूड फळी नाकारली होती त्यांनी वल्ह्याची रुंद फळी आनंदाने स्वीकारली. हवा भरून ताठ होणाऱ्या फळ्या आल्यावर तर ती गुंडाळून पाठीवर नेता येऊ लागली. या फळीच्या दोन पृष्ठभागांमध्ये हजारो धागे ओवलेले असतात, म्हणून हवेच्या दाबाने ती फुग्यासारखी फुगत नाही, सपाट राहते. ही युक्ती १९५०च्या दशकात गुडइयर कंपनीने हवा भरून उभारावयाच्या विमानाच्या पंखांसाठी वापरली होती. पुढे या क्रीडेवर हक्क कोणाचा, यावरून सर्फिंगची आणि कनूची अशा दोन आंतरराष्ट्रीय संघटना क्रीडा लवादापुढे उभ्या राहिल्या. एकीचे बोट फळीकडे, दुसरीचे वल्ह्याकडे! २०२० साली ऑलिंपिकपुरता कौल फळीच्या बाजूने लागला.

या इतिहासावरून सामग्री निवडणाऱ्याने पहिला प्रश्न दुकानात नव्हे, काठावर विचारावयाचा असतो. पाणी कोणते, वारा किती, आणि तो कोणीकडून येतो? फळीचा आकार मग साध्या आर्किमिडीजच्या नियमाने ठरतो. एक लिटर पाणी बाजूस सारले की सुमारे एक किलो वजन तरते. माणूस ७० किलोचा, शीड व काठी मिळून १० किलो, फळी १५ किलो, म्हणजे एकूण ९५ किलो. ९० लिटरची फळी त्याच्या पायांखाली स्थिर उभी राहणारच नाही. आणि नुसते तरणे पुरेसे नसून डळमळू नये असेही वाटत असेल, तर नवशिक्याला याच्या दुप्पट, १८० ते २०० लिटरची आणि ८० सेंटिमीटरहून रुंद फळी हवी. शीड ४ ते ५.५ चौरस मीटरचे पुरे. वारा ताशी १० ते १८ किलोमीटर असावा. त्याहून अधिक वाऱ्यात शिकणे म्हणजे पडणे शिकणे होय. वल्ह्याच्या फळीला १० ते ११ फूट लांबी आणि सुमारे ३२ इंच रुंदी सर्वसाधारण माणसास मानवते. वल्हे स्वतःच्या उंचीहून १५ ते २५ सेंटिमीटर उंच असावे.

स्थळाची परीक्षा याहून नाजूक आहे. इटलीतल्या गार्दा सरोवरावर सकाळी उत्तरेकडून ‘पेलेर’ आणि दुपारी दक्षिणेकडून ‘ओरा’ असे दोन वारे घड्याळ लावल्यासारखे येतात. शिकाऊ आणि पटाईत यांनी आपापली वेळ वाटून घ्यावी. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या घळीत उन्हाळी वारा प्रवाहाच्या उलट वाहतो, त्यामुळे वाऱ्याने वर नेलेल्या माणसाला प्रवाह परत खाली आणतो. निसर्गानेच तेथे जाण्यायेण्याची सोय करून ठेवली आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावर नेमका याच्या उलट फसवा प्रकार घडतो, आणि तेथे येणाऱ्या हौशी पाहुण्यांना तो ठाऊक नसतो. ऑक्टोबर ते मेपर्यंत तेथे दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात. पहाटे व सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे जातात. सकाळी किनाऱ्यालगत पाणी आरशासारखे दिसते, कारण माडांच्या आड वारा लागतच नाही. वल्ह्याची फळी घेऊन माणूस दोन-तीनशे मीटर आत जातो, तेथे वारा पाठीला लागतो, आणि उभे अंग हेच शीड होऊन फळी खोल समुद्राकडे चालू लागते. परत येताना उभ्याने वल्हवू नये. गुडघ्यांवर बसावे किंवा पालथे पडून हातांनी पाणी ओढावे, म्हणजे वाऱ्याला धरावयास जागा उरत नाही. फळी दोरीने पायाला बांधलेली असावी आणि कोणत्याही कारणाने ती सोडून पोहत निघू नये. वाहत्या नदीत मात्र ही दोरी झटकन सुटणारी व कमरेस बांधलेली हवी; नाही तर खडकात किंवा झाडाच्या मुळात अडकून तीच घात करते. मांडवी-झुआरीच्या आतल्या पाण्यात, खारफुटीच्या आडोशाला, वल्ह्याच्या फळीला उत्तम जागा आहेत. फक्त कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरींची वस्ती आहे, हे विसरून चालणार नाही. शिक्षणाची सोयही गोव्यातच आहे. तेथील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था ही, समुद्रापासून शेकडो मैल दूर, ग्वाल्हेरला मुख्य ठाणे असलेल्या भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेचा भाग आहे.

शिडाच्या फळीत भारताला पदकही मिळाले आहे. २०२३ साली हांगचौ येथे भरलेल्या आशियाई स्पर्धांत इबाद अली याने ‘आरएस:एक्स’ प्रकारात कांस्यपदक मिळविले. मात्र तोवर ऑलिंपिकने हा प्रकार सोडून, पाण्याबाहेर उचलली जाणारी ‘आयक्यूफॉइल’ फळी निवडली होती. २०२४च्या स्पर्धा तिच्यावरच झाल्या. १९८४पासून ऑलिंपिकची फळी अशी वारंवार बदलत आली आहे, आणि दर बदलाला जुनी सामग्री मोडीत काढून नवी घेण्याचा भार त्या त्या देशाच्या खेळाडूवर पडतो.

पावसाळा आला की कोकण-गोव्याचा समुद्र या खेळाला बंद होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच्या यांत्रिक नौकादेखील किनाऱ्यास लागलेल्या असतात. परंतु तेच नैऋत्य मोसमी वारे सह्याद्री ओलांडून, पाण्याचा बहुतेक भार मागे टाकून, दख्खनच्या पठारावर पश्चिमेकडून जोराने वाहतात. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडांच्या शर्यतींचा हंगाम भरतो, तो याच महिन्यांत.