मोती साबणाचा वास आणि डोळ्यांसमोरची गोल वडी

दिवाळीच्या पहाटे मोती साबणाचा वास आला की त्याची जाडजूड गोल वडी डोळ्यांसमोर येते ना? टाटा ऑइल मिल्सने १९७०च्या दशकात आणलेला हा साबण वाशीमपासून मुंबईपर्यंत अभ्यंगस्नानाचा भाग झाला.

असं का होतं? डोळ्यांनी पाहिलेलं थॅलॅमसमार्गे पुढे जातं. वास मात्र थेट मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या केंद्रांकडे पोहोचतो. म्हणून वासासोबत पाहिलेलं रूपही मनात पक्कं बसतं. वास ओळखणाऱ्या ग्राहींची जनुकं बक आणि अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

यंदा आजी-आजोबांना डोळे मिटून साबणाचा वास घ्यायला सांगा. सर्दी नसताना वास येत नसेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. पार्किन्सन्स, अल्झायमर्समध्ये कधी कधी वास आधी जातो. डॉक्टरांना दाखवा.