बीसीसीआयची मुंबई शाखा

बीसीसीआय म्हटलं की मुलांना क्रिकेट बोर्ड आठवतं. आम्ही सांगतोय ती बँक होती: बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल. लखनौचे आगा हसन आबेदी यांनी १९७२ मध्ये ती काढली. नोंदणी लक्झेंबर्गची, मोठा पैसा अबू धाबीचा. काही जण तिला इस्लामी बँक समजतात, पण ती मुळात व्याजावरच चालणारी व्यापारी बँक होती. १९८० च्या दशकात मुंबईतही तिची शाखा उघडली.

५ जुलै १९९१, जुम्याचा दिवस. बँक ऑफ इंग्लंड आणि इतर देशांच्या नियामकांनी बँकेला टाळं लावलं. बोगस कर्जं, लपवलेला तोटा, सगळं बाहेर आलं. मुंबईचा व्यवहारही थांबला. परदेशी बँकेची शाखा म्हणजे वेगळी कंपनी नसते ना! मूळ बँक बसली की शाखाही अडकते, खातेदाराची चूक नसली तरी. त्या वेळी ठेव विमा फक्त ३०,००० रुपयांपर्यंत होता. आज तो ५ लाख आहे.

पुढे स्टेट बँकेने एसबीआय कमर्शिअल अँड इंटरनॅशनल बँक ही उपकंपनी काढून मुंबईचा कारभार तिच्याकडे घेतला. २०११ मध्ये तीही स्टेट बँकेत विलीन झाली.