लाखेंतला स्वर

हातकणंगले तालुक्यांतील हुपरी हें गांव चांदीच्या पैंजणांसाठीं प्रसिद्ध आहे. दागिने घडविणाऱ्या कारागिरास ठशाचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. नक्षी एकदां ठशांत उतरली, कीं तिच्या हव्या तितक्या प्रती काढतां येतात. परंतु तोच ठसा दुसऱ्याच्या हातीं गेला, कीं नक्षीवरील आपली सत्ता संपली! गाण्याचाही असा ठसा निघूं लागला, तेव्हां हुपरीपासून फारशा दूर नसलेल्या दोन शहरांतील दोन थोर गवयांनीं त्याविषयीं अगदीं परस्परविरुद्ध निर्णय घेतले. त्या निर्णयांची व त्यांच्या परिणामांची ही हकीकत आहे.

हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणाचा पद्धतशीर आरंभ १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यांत कलकत्त्यास झाला. ग्रामोफोन कंपनीचे तज्ज्ञ फ्रेड गैसबर्ग विलायतेहून आले आणि त्यांनीं गौहरजान व इतर गायिकांचें गाणें मुद्रित केलें. त्या वेळीं विजेचा ध्वनिग्राहक नव्हता. गाणाराला एका कर्ण्याच्या तोंडाशीं गळा नेऊन मोठ्यानें गावें लागे. त्या आवाजानें कांपणारी सुई मेणाच्या चकतीवर रेघ कोरी. त्या मेणावर शिशपेन्सिलींत असतें तसल्या काळ्या भुकटीचा थर देऊन विजेच्या साह्यानें तांब्याचें पूट चढवीत, आणि त्यापासून ठसे तयार करीत. पुढील काळांत मूळ चकतीवर चांदीचा अतिशय पातळ थर देण्याची रीत रूढ झाली. आरंभीं हें छापण्याचें काम जर्मनींतील हॅनोव्हर येथें होई; १९०८ पासून तें कलकत्त्यास होऊं लागलें.

तबकडी ज्या द्रव्याची छापीत, त्यांतील मुख्य जिन्नस म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर किडे जी लाख निर्माण करतात, तीच सोनार पोकळ दागिन्यांत भरतो. याच लाखेंत दगडाची पूड व काजळी मिसळून काळी तबकडी होई. म्हणजे रूपें आणि लाख हे कारागिराच्या नित्य परिचयाचे दोन पदार्थ सुरांच्याही सेवेला लागले.

गवयांस मात्र हें यंत्र सहजासहजीं मानवलें नाहीं. त्याला कारणें दोन होतीं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेंच मावत. आणि जो ख्याल खुलवावयास तास तास लागे, तो तेवढ्यांत आटोपावयाचा म्हणजे नदी तांब्यांत भरण्यासारखेंच होतें. दुसरें कारण त्याहून नाजूक होतें. घराण्याची चीज ही त्या काळीं घराण्याची ठेव मानली जाई. शिष्यानें गंडा बांधावा, वर्षानुवर्षें सेवा करावी आणि मग ती मिळवावी, अशी रीत होती. तबकडी मात्र दाम मोजणाऱ्या कोणाच्याही घरीं जाऊन गात असे.

मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीमखाँ यांनीं हें भय बाळगलें नाहीं. १९०५ च्या सुमारासच त्यांनीं आपलें गाणें मुद्रित करूं दिलें आणि १९३० नंतरच्या दशकांत पुन्हां अनेक तबकड्या दिल्या. १९३७ सालीं ते निवर्तले. परंतु त्याच्या कांहीं वर्षें आधीं गदगच्या एका अकरा वर्षांच्या मुलानें त्यांची एक तबकडी ऐकली आणि तसें गाणें शिकण्याच्या ध्यासानें घर सोडलें. तो मुलगा म्हणजे पुढें कीर्तीस चढलेले भीमसेन जोशी. त्यांना गुरुही लाभले ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व!

कोल्हापुरांत छत्रपति शाहू महाराजांच्या पदरीं असलेले अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांनीं मात्र एकही तबकडी दिली नाहीं. तरुणपणीं अतिश्रमानें त्यांचा आवाज बिघडला होता. नव्या आवाजाला साजेल अशी पेंचदार, लयीशीं झुंजणारी गायकी त्यांनीं स्वतः घडविली, आणि तीच पुढें जयपूर-अत्रौली घराणें म्हणून मान्यता पावली. ज्या पुरुषानें एवढी मोठी गायकी निर्माण केली, त्याचा एक सूरही आज कोणास ऐकावयास मिळत नाहीं. त्यांचे शिष्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांच्याही आवाजाची तबकडी नाहीं.

मग ही गायकी आज आपणांस ठाऊक आहे ती कशी? याचें उत्तर त्यांच्या शिष्यपरंपरेंत आहे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, आणि मंजीखाँ व भुर्जीखाँ यांच्यापाशीं शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर या सर्वांचें गाणें मुद्रित झालेलें आहे. गुरूनें जें यंत्राला दिलें नाहीं, तें शिष्यांनीं दिलें. तीन मिनिटांच्या मर्यादेंतही केसरबाईंची तान सुटते तेव्हां तिच्यामागील पुष्कळ वर्षांची तालीम लपून राहत नाहीं. त्यांनीं १९२१ सालीं अल्लादियाखाँचा गंडा बांधला होता. त्यांची एक भैरवी तर १९७७ सालीं अमेरिकेनें अंतराळांत सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील, तांब्याच्या व वर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर घेतली गेली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत केसरबाईंचें निधन झालें.

तेव्हां दोघां खाँसाहेबांपैकीं बरोबर कोण होते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. अब्दुल करीमखाँनीं ठसा दिला, म्हणून त्यांचा स्वर परक्या घरींही शिष्य शोधूं शकला. तथापि त्या मुलाला केवळ तबकडी पुरली नाहीं. त्याला गुरूच्या दारीं जावेंच लागलें. अल्लादियाखाँनीं ठसा दिला नाहीं, पण गळे घडविले. तथापि ते गळेही तबकडीवर उतरले नसते, तर आजच्या पिढीला त्या गायकीच्या केवळ गोष्टीच ऐकाव्या लागल्या असत्या. ठशानें नक्षी टिकते. ती नक्षी पुन्हां कोरूं शकणारा हात मात्र दुसऱ्या हाताशेजारीं बसूनच तयार होतो. हुपरीच्या कारागिराला हें निराळें सांगावयास नको.