सुरत अठ्ठाविशीचा सौदा

सुरतेहून पूर्वेस सुमारे वीस किलोमीटर गेले म्हणजे तापीच्या दक्षिण काठी कामरेज लागते. मुंबईहून अहमदाबादेस जाणारा महामार्ग येथून नदी ओलांडून भडोचकडे वळतो. त्यामुळे प्रवाशांच्या मनात या गावाचे नाव बहुधा मोटारींच्या रांगांशीच जोडलेले असते. गाव मात्र फार जुने. सातव्या शतकातील चालुक्यांच्या ताम्रपटांत ‘कार्मणेय’ या नावाने ज्या प्रदेशाचा उल्लेख येतो तो हाच, असे विद्वान मानतात. मराठी माणसास कामरेजची ओळख आणखी एका कारणाने असावयास हवी. बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतातील हा एक तालुका होता, आणि १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तो गायकवाडीतच राहिला. त्याहीपूर्वी सुरतेच्या भोवतालचे जे परगणे ‘सुरत अठ्ठाविशी’ या नावाने प्रसिद्ध होते त्यांत कामरेजची गणना होई. १७८० साली एका तहात ही अठ्ठाविशी मोबदला म्हणून देण्यात आली, आणि १७८२ च्या तहाने ती परत आली.

ह्या देवघेवीची आठवण आज काढावयाची ती एका अगदी नव्या करमणुकीच्या निमित्ताने. घरोघरची मुले, आणि पुष्कळदा त्यांचे वडीलही, संगणकावर राज्यकारभाराचे आणि युद्धाचे खेळ खेळतात. १९९१ साली सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ निघाला, आणि यंत्राने चालविलेल्या राजांशी तह, मैत्री व व्यापार करण्याची गोडी जगभरच्या खेळाडूंस लागली. २००९ साली निघालेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळात तर अठराव्या शतकातील मराठ्यांचे राज्यच खेळाडूस घेता येते. खेळ सुरू होतो १७०० साली. समोर मोगल, इंग्रज, पोर्तुगीज असे प्रतिस्पर्धी असतात आणि त्या सर्वांच्या वतीने बोलते ते यंत्र. २०१३ च्या ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’च्या चौथ्या आवृत्तीत गुजरात हे व्यापाराचे एक केंद्र म्हणून मांडलेले आहे.

या खेळांतील वाटाघाटीची पद्धत थोडक्यात अशी. पडद्यावर दोन बाजू असतात. एका बाजूस आपण काय देणार ते मांडावयाचे, दुसऱ्या बाजूस काय मागणार ते. रोख रक्कम, व्यापाराचा करार, एखादी विद्या, एखादा प्रांत, सर्व काही त्याच तराजूत. यंत्र आपल्या हिशेबाने दोन्ही बाजूंचे वजन करते आणि होय किंवा नाही असे उत्तर देते. काही खेळांत तर नकाराची कारणेही अधिक-उणे आकड्यांनी दाखविली जातात. जुने वैर उणे इतके, समान शत्रू अधिक इतके, पूर्वी मोडलेला तह उणे इतके. बेरीज शून्याच्या वर गेली की मैत्री झाली. मुलांना हे फार लवकर साधते, आणि ती यंत्राला फसविण्याच्या युक्त्याही शोधून काढतात. त्यात वाईट काही नाही. बाजारात भाव करणारी गृहिणीही मनातल्या मनात अशीच बेरीज करीत असते.

पण ह्या तराजूत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. जो देतो आहे त्याचीच ती वस्तू आहे, आणि जो सही करतो आहे त्यास सही करण्याचा अधिकार आहे. मांडलिक, दावेदार अशा कल्पना काही खेळांत आहेत, नाहीत असे नव्हे. तरी प्रत्येक प्रांताचा धनी नकाशावर एकाच रंगाने दाखविलेला असतो. अठ्ठाविशीच्या इतिहासात नेमके हेच गृहीत कोठे टिकत नाही.

अठ्ठाविशी कोणाची? मोगली दफ्तराप्रमाणे ती सुरत सरकारातील. १७१९ मध्ये पिलाजी गायकवाडांनी सोनगड हाती घेतला आणि तेथून या परगण्यांवर आपला अंमल पसरविला. त्यांचे पुत्र दमाजी १७५१ साली पेशव्यांच्या कैदेत सापडले. पुढच्या वर्षी थकबाकीपोटी पंधरा लाख रुपये आणि गुजरातेतील निम्मा हिस्सा कबूल करून ते सुटले. त्यानंतर गुजरातेत पेशव्यांचे महाल निराळे आणि गायकवाडांचे निराळे झाले. खुद्द सुरत शहराची स्थिती आणखी चमत्कारिक होती. नावाची सत्ता दिल्लीच्या बादशहाची, गादीवर नवाब, १७५९ पासून किल्ला इंग्रजांच्या हाती, आणि चौथाई वसूल करण्यासाठी मराठ्यांचा ‘चौथिया’ शहरात ठाण मांडून बसलेला. अशा शहरास नकाशावर कोणता रंग द्यावा?

१७६८ साली दमाजी वारले आणि घरात तंटा उभा राहिला. गोविंदराव आणि फत्तेसिंग हे दोघे बंधू सेनाखासखेलीच्या वारशासाठी झगडू लागले. पेशव्यांच्या दरबाराने प्रथम गोविंदरावास मान्यता दिली. १७७१ मध्ये मान्यता फिरली, सयाजीराव गादीचे धनी झाले आणि फत्तेसिंग त्यांचे मुतालिक. पुढे राघोबादादा पेशवे झाले तेव्हा वस्त्रे पुन्हा गोविंदरावाकडे गेली. प्रत्येक फेरबदलास नजराण्याची रक्कम होतीच. यंत्राच्या भाषेत सांगावयाचे तर बडोद्याची मान्यता हीच पुण्याच्या बाजूची विक्रीची वस्तू होती.

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर राघोबादादांस पुण्यात थारा उरला नाही. बारभाईंचे सैन्य पाठीवर घेऊन ते गुजरातेत आले, आणि ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावयाची, राघोबांनी साष्टी आणि वसई द्यावयाची, जंबुसर व ओलपाडही द्यावयाचे. ओलपाड म्हणजे कामरेजच्या शेजारचाच मुलूख. जामिनादाखल सहा लाखांचे जवाहीर त्यांनी इंग्रजांकडे ठेविले. येथवर ठीक, पण भडोचच्या उत्पन्नातील गायकवाडांचा हिस्साही आपण मिळवून देऊ, असे वचन त्यांनी दिले. जे राज्य हाती नाही त्याचे महाल दिले, आणि जो हिस्सा कधी आपला नव्हता तोही देऊ केला. घेणाराही तितकाच अनधिकारी होता. १७७३ च्या नियामक कायद्याने मुंबईकरांस कलकत्त्याच्या संमतीवाचून असा तह करण्याची मुभा नव्हती. एकाने नसलेले विकले, दुसऱ्याने नसलेल्या अधिकाराने विकत घेतले, आणि त्यावर मे महिन्यात अडास येथे खरी माणसे मेली.

त्याच वर्षी कर्नल कीटिंगने फत्तेसिंगाशी वेगळे संधान बांधले. फत्तेसिंगाने चिखली, वरियाव आणि कोरळ हे परगणे कंपनीस दिले. पुढे वॉरन हेस्टिंग्जच्या सरकारने सुरतेचा तह रद्द ठरविला आणि कर्नल अप्टन यास पुण्याकडे पाठविले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. ह्या तहात एक कलम आहे, आणि या साऱ्या प्रकरणात त्याच्याइतके बोलके दुसरे काही नाही. फत्तेसिंगाला हे परगणे देण्याचा अधिकारच नव्हता असे सिद्ध झाले, तर इंग्रजांनी ते परत करावेत, असा त्याचा आशय. किती दिले, किती घेतले, याचा हिशेब बाजूला राहिला. जे दिले ते देणाऱ्याचे होते काय, हा प्रश्न तहाच्या मसुद्यातच येऊन बसला. नाना फडणिसांच्या दरबाराची सारी बुद्धिमत्ता या एका कलमात एकवटलेली दिसते. गायकवाड हे पेशव्यांचे सरदार, त्यांस स्वतंत्रपणे मुलूख तोडून देता येत नाही, ही भूमिका एकदा मान्य झाली की पुढचे सर्व तह आपोआप पुण्याच्या दारातून जाणार होते.

हाच प्रश्न १७७९ च्या जानेवारीत उलटून इंग्रजांच्या बाजूस आला. राघोबांस घेऊन पुण्यावर चाल करून आलेली मुंबईची फौज वडगाव येथे कोंडली गेली. कारनॅक आणि एगर्टन यांनी आपणांस तह करण्याचा पूर्ण अधिकार नाही असे प्रथम कळविले, परंतु सुटकेचा दुसरा मार्ग दिसेना तेव्हा करारावर सह्या केल्या. १७७३ पासून मिळविलेला मुलूख परत देण्याचे कबूल झाले, महादजी शिंद्यांस भडोच देण्याचे ठरले, आणि दोन इंग्रज ओलीस ठेवण्यात आले. फौज सुखरूप परतल्यावर मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनी तो करार नाकारला. मराठ्यांनी मुठीत आलेली फौज सोडली होती ती त्या कागदावर विसंबून.

यानंतर कामरेजच्या नशिबाची पाळी आली. बुंदेलखंडातून मजल मारीत जनरल गॉडार्ड १७७९ च्या फेब्रुवारीत सुरतेस पोहोचला होता. पुण्याशी चाललेली बोलणी फिसकटली, आणि १ जानेवारी १७८० रोजी त्याने फौजेसह तापी ओलांडली. डभई घेतल्यावर २६ जानेवारी रोजी फत्तेसिंगाशी तह झाला. फत्तेसिंगाने तीन हजार स्वार द्यावेत. महीच्या उत्तरेस पेशव्यांचा जो मुलूख आहे तो, अहमदाबादेसह, गायकवाडांस मिळावा. आणि अहमदाबाद हाती येताच फत्तेसिंगाने तापीच्या दक्षिणेकडील अठ्ठाविशीतला आपला हिस्सा, नर्मदेवरचे सिनोर आणि भडोचभोवतीची आपली गावे कंपनीस द्यावीत. १५ फेब्रुवारी रोजी गॉडार्डने अहमदाबाद घेतले आणि ते फत्तेसिंगाच्या स्वाधीन केले. इंग्रजांनी दिले ते पेशव्यांचे. फत्तेसिंगाने दिले ते असे की, ते त्याला देता येते की नाही याबद्दल चारच वर्षांपूर्वी तहात शंका नोंदविलेली.

पडद्यावरच्या दोन बाजूंत हा सौदा अगदी नीट बसतो. उत्तरेकडील प्रांत या बाजूस, दक्षिणेकडील त्या बाजूस, वर तीन हजार स्वार. यंत्राने तो बिनदिक्कत मान्य केला असता. प्रत्यक्षात काय झाले? पेशव्यांचा अधिकारी गणेशपंत फौज घेऊन अठ्ठाविशीत उतरला. लेफ्टनंट वेल्श यास त्याच्यावर पाठविण्यात आले, आणि त्याने गणेशपंतास हटवून पारनेरा, इंद्रगड व बगवाडा हे किल्ले घेतले. कुणबी आणि दुबळे यांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न मोठा नव्हता, पण जीवघेणा होता. यंदाचा वसूल कोणास द्यावयाचा, आणि एकास दिल्यावर दुसरा येणार नाही याची हमी कोण देणार?

१७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. त्यावरही नाना फडणिसांची मान्यता मिळेपर्यंत कित्येक महिने गेले. गायकवाडांचा मुलूख युद्धापूर्वी होता तसा राहावा असे ठरले. अहमदाबाद पेशव्यांकडे परतले, अठ्ठाविशी गायकवाडांकडे परतली. ज्या राघोबांपायी एवढे घडले त्यांस दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. भडोच इंग्रजांनी महादजींस दिले. वडगावचा करार त्यांनी मानला नव्हता, पण तेथील वर्तणुकीची आठवण बहुधा ठेविली असावी.

यंत्रे आता पूर्वीची राहिलेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९५९ साली ॲलन कॅलहॅमर यांनी ‘डिप्लोमसी’ नावाचा पटावरचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात युरोपातील सात सत्ता असतात, फासे नसतात, आणि खेळाडूंनी एकमेकांस दिलेली वचने पाळण्याचे बंधन नसते. २०२२ साली मेटा या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी ‘सिसेरो’ ही संगणकप्रणाली या खेळात माणसांविरुद्ध उतरविली. ती नुसती बेरीज करीत नव्हती. प्रतिस्पर्ध्यांस पत्रे लिहून त्यांचे मन वळवीत होती. चाळीस डावांत तिने माणसांच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक गुण मिळविले. पण त्या पटावरही प्रत्येक सत्तेच्या मागे एकच मन असते. इंग्लंडचा खेळाडू शब्द देऊन बसला आणि वरून कलकत्त्याने तो नाकारला, किंवा तुर्कस्तानने दिलेला प्रांत त्याच्या धाकट्या भावाचा निघाला, असे तेथे घडत नाही. नाना फडणिसांस सिसेरोशी खेळावयास बसविले असते तर त्यांनी पहिले पत्र बहुधा याच चौकशीचे पाठविले असते : आपण कोणाच्या वतीने बोलता, आणि त्याची सनद कोठे आहे?

अठ्ठाविशीची गोष्ट सालबाईपाशी थांबत नाही. १८०० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, बडोद्याच्या गादीचा तंटा पुन्हा पेटला असता, सुरतेलगतचा चोऱ्यासी परगणा, सुरतेच्या चौथाईतील गायकवाडांचा हिस्सा आणि चिखली ही सर्व कंपनीकडे गेली. कामरेज मात्र गायकवाडांकडेच राहिले. त्यामुळे पुढे सुमारे दीडशे वर्षे सुरतेहून कामरेजच्या बाजारास निघालेला गाडीवान चोऱ्यासीची शीव ओलांडली की इंग्रजी मुलखातून गायकवाडी मुलखात जाई.