कुरूप
कुरूप (भोवरी) : पायाच्या एकाच जागी सतत दाब किंवा घर्षण होऊन त्वचेचा शृंगी थर जाड होतो आणि त्याचा कठीण गाभा खिळ्यासारखा आत रुततो, त्यास कुरूप म्हणतात. घट्टा पसरट असतो व त्याला गाभा नसतो. करंगळीच्या बाहेरच्या अंगावर, बोटांच्या पेरांवर आणि चवड्याखाली कुरूप कठीण असते. करंगळी व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात घामामुळे ते मऊ व पांढुरके राहते. तळव्यावरील चामखिळीशी त्याची गल्लत वारंवार होते. कुरूप सरळ दाबल्यावर अधिक दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर. चामखिळीत बहुधा काळे ठिपकेही दिसतात.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय १३) क्षुद्ररोगांमध्ये ‘कदर’ हा विकार येतो. पाय खड्यांनी चेचल्याने किंवा काटा रुतल्याने उद्भवणारी, खिळ्यासारखी कठीण, बोराएवढी, दुखरी गाठ असे त्याचे वर्णन आहे. कदर म्हणजे आजचे कुरूपच, असे सामान्यतः मानले जाते. मात्र त्या वर्णनात स्रावही सांगितला आहे, तो नुसत्या कुरुपाला असत नाही. चिकित्सास्थानात (अध्याय २०) गाठ कोरून काढून तप्त स्नेहाने डागण्यास सांगितले आहे. हे वैद्याचे काम, घरचे नव्हे.

घरगुती उपाय : मुख्य उपाय दाब काढण्याचा, दाब राहिला तर खरवडलेले कुरूप पुन्हा भरून येते. त्यासाठी पुढे रुंद, बोटांना मोकळीक देणारे पादत्राण वापरावे. कुरुपाभोवती नमद्याची किंवा फोमची कडी अशी बसवावी की भार कडीवर पडेल आणि मधला भाग मोकळा राहील. बेचक्यातील कुरुपासाठी बोटांमध्ये कापूस किंवा लोकर ठेवतात व जागा कोरडी राखतात. पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून मऊ झालेला थर वजरीने हलके घासावा. एका बैठकीत सगळे काढण्याचा हट्ट धरू नये. नंतर युरियायुक्त मलम किंवा साधे व्हॅसलीन लावावे. ब्लेडने कापणे हा सर्रास आढळणारा आणि सर्वांत वाईट प्रकार होय.

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ‘कॉर्न कॅप’मध्ये बहुधा सुमारे ४० टक्के सॅलिसिलिक आम्ल असते. ते शृंगी थर सैल करते, पण निरोगी कातडी कोणती हे त्याला कळत नाही. म्हणून चकती कुरुपाएवढीच असावी आणि भोवती व्हॅसलीनचा लेप द्यावा. मऊ कुरुपावर ती लावू नये.

खेड्यापाड्यांत बिब्याचे तेल तापवून त्याचा चटका देण्याची रीत आहे. बिब्यातील दाहक द्रव्यांनी कातडी जळते, फोड येतात. काहींना अंगभर पुरळही उठते. रुईच्या चिकाचीही ख्याती अशीच. तोही दाहक आहे आणि डोळ्यात गेल्यास गंभीर इजा करतो. या उपायांनी गुण आल्याचे सांगणारे पुष्कळ भेटतात, व्रण दाखवणारेही.

निषेध : मधुमेह, पायाला बधिरपणा किंवा रक्तपुरवठा कमी असल्यास घासणे, आम्ल व चटका सर्व वर्ज्य. बधिर पायाची जखम दुखत नाही, त्यामुळे ती चिघळेपर्यंत लक्षात येत नाही. लाली, पू किंवा वाढता ठणका असल्यास कोणीही घरी उपाय करू नये.

शस्त्रक्रिया : हाडाचा उंचवटा किंवा वाकडे बोट हे कारण असल्यास क्वचित.