बेलव्ह्यू : श्रीमंत उपनगर आणि त्याखालची स्ट्रॉबेरीची शेतं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप देतोय. बोलताना जे अडखळलो ते गाळलंय, बाकी मजकूर तोच आहे.

आज एका शहराचा इतिहास बघायचाय. आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात किंवा ओळखीत कुणीतरी ‘सिएटलला’ असतं. नीट चौकशी केली तर कळतं, की ते सिएटलला नसतंच. मध्ये लेक वॉशिंग्टन नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या पलीकडे, पूर्वेला, बेलव्ह्यू नाहीतर रेडमंडला असतं. आजचा भाग या बेलव्ह्यूवर आहे.

आधी शहराची तोंडओळख. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती १,५१,८५४. म्हणजे आपल्याकडच्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. पण कुटुंबाचं मध्यम वार्षिक उत्पन्न सव्वा लाख डॉलरच्या वर. स्वतंत्र घर घ्यायचं तर दहा लाख डॉलरच्या आत मिळणं जवळपास अशक्य. शाळा नावाजलेल्या, आणि त्या शाळांच्या हद्दीत राहता यावं म्हणून लोक घरांना वाटेल ती किंमत मोजतात. दहापैकी साधारण चार रहिवासी अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत आणि त्यांत चीन आणि भारत या दोन देशांतून आलेल्यांचा वाटा मोठा. गोऱ्यांची संख्या आता निम्म्याहून कमी आहे, आणि आशियाई वंशाचे लोक चाळीस टक्क्यांच्या पुढे गेलेत. १९९० साली याच शहरात ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक गोरे होते. एका पिढीत झालेला हा बदल.

या शहराची गोष्ट सहसा अशी सांगितली जाते: इथे काही नव्हतं, मग पूल झाला, मग मॉल आला, मग मायक्रोसॉफ्ट आलं, मग जगभरातली हुशार मुलं आली. यातला प्रत्येक तुकडा खरा आहे. खटकतं ते ‘इथे काही नव्हतं’ एवढंच. आज त्याबद्दल बोलू.

मुळात हा सगळा मुलूख डुवामिश आणि आसपासच्या आदिवासी समाजांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोरे वसाहतवाले आले आणि लाकूडतोड सुरू झाली. वॉशिंग्टन राज्यातली ती झाडं म्हणजे प्रचंड प्रकरण, काही खोडांच्या बुंध्यावर पाच-दहा माणसं आरामात उभी राहतील. लाकूड कंपन्यांनी झाडं कापून नेली आणि जमिनीत ठेवले नुसते बुंधे. अशा जमिनीत नांगर घालता येत नाही. ती साफ करणं हे मरणाचं काम, आणि ते करायला आले जपानी स्थलांतरित.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही कुटुंबं इथे येऊ लागली. सुरुंग लावून बुंधे फोडायचे, घोडे जुंपून मुळं ओढून काढायची, उरलेलं जाळायचं. बऱ्याचदा करार असा असे, की तुम्ही जमीन साफ करा आणि त्या बदल्यात काही वर्षं त्यावर पीक घ्या. मुदत संपली की साफ झालेली, कसदार जमीन मालकाकडे परत. मग कुटुंब पुढच्या बुंध्यांकडे. आपल्याकडे कूळ, खंड हे शब्द ज्यांनी घरात ऐकलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या जमिनीतून निघाली स्ट्रॉबेरी. त्याबरोबर लेट्युस, टोमॅटो, मटार वगैरे. १९२५ साली बेलव्ह्यूत स्ट्रॉबेरी महोत्सव सुरू झाला, आणि तळ्यापलीकडून होड्या भरभरून लोक यायला लागले. पुढे जपानी शेतकऱ्यांनी आपली भाजी-उत्पादक संस्था काढली, मालाच्या प्रतवारीसाठी आणि पॅकिंगसाठी रेल्वेमार्गालगत गोदाम बांधलं. गावाचं नाव स्ट्रॉबेरीमुळे झालं आणि स्ट्रॉबेरी पिकत होती प्रामुख्याने जपानी हातांतून.

मग यांनी जमिनी विकत का नाही घेतल्या? तर कायद्याने घेता येत नव्हत्या. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्या माणसाला नागरिक व्हायचं तर तो एकतर ‘गोरा’ हवा किंवा आफ्रिकी वंशाचा. आशियाई माणूस दोन्हींत बसत नव्हता. वॉशिंग्टन राज्याने १९२१ साली कायदा केला, की नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी माणसाला शेतजमीन विकत घेता येणार नाही आणि खंडानेही करता येणार नाही. इथे जन्मलेली मुलं जन्माने नागरिक, म्हणून काही जण मुलांच्या नावावर जमीन करायचे. १९२३ मध्ये ती वाटही अवघड केली गेली. तरी लोकांनी मार्ग काढले. ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर व्यवहार, तोंडी करार, वगैरे. पण तोंडी कराराच्या भरवशावर टिकाऊ घर कोण बांधणार?

हे कायदे आपोआप होत नसतात, त्यासाठी कुणीतरी राबावं लागतं. वॉशिंग्टन राज्यात जपान्यांविरुद्धच्या मोहिमेचं एक मोठं नाव म्हणजे मिलर फ्रीमन. सिएटलचे प्रकाशक, मासेमारी व्यवसायाची नियतकालिकं काढायचे. ‘अँटी-जॅपनीज लीग’ नावाच्या संघटनेचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. पुढे ते तळ्याच्या पूर्व काठावर राहायला आले, आणि तळ्यावर पूल व्हावा म्हणून जोर लावणाऱ्यांतही ते होते. तो पूल १९४० च्या जुलैत खुला झाला. काँक्रीटच्या पोकळ पेट्यांवर तरंगणारा पूल, त्या काळातलं अभियांत्रिकीचं मोठं धाडस. होडीने जावं लागायचं त्या गावात आता मोटारीने काही मिनिटांत पोचता येऊ लागलं. शेतजमिनीकडे बघणाऱ्यांना आता त्यात घरांचे प्लॉट दिसायला लागले.

तारखा लक्षात ठेवा. पूल झाला जुलै १९४० मध्ये. पर्ल हार्बरवर हल्ला झाला डिसेंबर १९४१ मध्ये. त्यानंतर लगेच एफबीआयने जपानी समाजातल्या पुढाऱ्यांना उचललं. बेलव्ह्यूच्या उत्पादक संस्थेचं काम बघणारे टॉम मात्सुओका त्यांत होते. त्यांना मोंटाना राज्यातल्या फोर्ट मिझूला इथे नेऊन ठेवलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ काढला. त्याखाली पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवलं गेलं. त्यातले दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते.

बेलव्ह्यूच्या लोकांची पाळी आली १९४२ च्या मे महिन्यात. साधारण साठ कुटुंबं, तीनशे माणसं. शेजारच्या कर्कलंडहून आगगाडी निघाली, आधी कॅलिफोर्नियातल्या पाइनडेलला, मग टूली लेकच्या छावणीत. मे अखेर, जून म्हणजे तिथे स्ट्रॉबेरीचा तोडा. वर्षभराची मेहनत शेतात लाल होत होती आणि तोडणारे हात गाडीत बसले होते. त्या वर्षी महोत्सव झाला नाही. होणार कसा?

युद्ध संपलं, आणि साठ कुटुंबांपैकी फार थोडी परत आली. परत यायचं कुठे हा प्रश्नच होता. बहुतेकांची जमीन खंडाची, म्हणजे तिच्यावर हक्क काहीच नाही. अवजारं, सामान विकलं गेलेलं, नाहीतर चोरीला गेलेलं. जमिनीचे भाव पुलामुळे चढलेले. मात्सुओका कुटुंबाने मोंटानातच शेती धरली.

आणि ऑगस्ट १९४६ मध्ये, युद्ध संपून जेमतेम वर्ष होतंय तोवर, बेलव्ह्यू स्क्वेअर हे खरेदी केंद्र सुरू झालं. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या उपनगरी मॉलपैकी एक. ते उभं केलं मिलर फ्रीमन यांचे चिरंजीव केम्पर फ्रीमन यांनी. १९५३ मध्ये बेलव्ह्यू रीतसर शहर झालं, तेव्हा लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास. दोनेक वर्षांत लेक हिल्ससारख्या मोठ्या नियोजित वसाहती उठायला लागल्या. एकाच धाटणीची घरं, पुढे हिरवळ, मोटारीसाठी गॅरेज. त्या काळात सिएटल परिसरातल्या कितीतरी खरेदीखतांत अट लिहिलेली सापडते, की हे घर गोऱ्याशिवाय कुणाला विकू नये. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची कोर्टाकरवी अंमलबजावणी थांबवली, पण सवयी लगेच जात नाहीत.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायचीय. बापाच्या राजकारणाचा हिशेब मुलाकडे मागू नये, आणि छावण्यांचं पाप एका फ्रीमन माणसाच्या डोक्यावर ठेवून मोकळंही होऊ नये. कायदे विधिमंडळाने केले, कोर्टाने मान्य केले, मतदारांना ते चालले. वॉशिंग्टनचा जमीन-कायदा रद्द झाला तो थेट १९६६ मध्ये. त्याआधी १९६० आणि १९६२ मध्ये तो रद्द करायचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला होता आणि दोन्ही वेळा लोकांनी तो फेटाळला. युद्ध संपून पंधरा-सतरा वर्षं झाल्यावर!

आता आपल्या लोकांकडे येऊ. १९७९ मध्ये मायक्रोसॉफ्ट न्यू मेक्सिकोहून बेलव्ह्यूत आली आणि १९८६ मध्ये शेजारच्या रेडमंडला गेली. १९९४ मध्ये जेफ बेझोस यांनी बेलव्ह्यूतल्याच एका भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये ॲमेझॉनची सुरुवात केली. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसाची वाट उघडली आणि पुणे, हैदराबाद, बंगळूरहून इंजिनियर तिकडे जाऊ लागले. त्यांत मराठी माणसंही भरपूर. तिथलं मराठी मंडळ, गणपती, दिवाळी, सगळं जोरात असतं. छान आहे.

पण आपण तिथे १९९० नंतरच पोचलो असं समजण्याचं कारण नाही. बेलव्ह्यूहून उत्तरेला दीडेक तासाच्या रस्त्यावर बेलिंगहॅम आहे. १९०७ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या शंभराहून अधिक भारतीयांना, बहुतेक पंजाबी शिखांना, गोऱ्या कामगारांच्या जमावाने मारहाण करून गावातून हाकललं. आणि भगतसिंग थिंड हे नाव ऐकलंय का? पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराचा गणवेश घातलेला माणूस. त्यांच्या खटल्यात १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. म्हणजे जपानी शेतकऱ्याला लागू असलेला तोच जमीन-कायदा भारतीयालाही लागू. भारतीयांना नागरिकत्वाची वाट मिळाली १९४६ मध्ये, जपान्यांना १९५२ मध्ये. आणि मोठ्या संख्येने जायचं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, जो काळ्या समाजाच्या नागरी हक्क चळवळीच्या लाटेत मंजूर झाला.

त्यामुळे ‘आम्ही आमच्या हुशारीवर आलो’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. हुशारी आहेच. पण बुंधे उपटणाऱ्या त्या शेतकऱ्यांकडेही कष्ट होते, हिशेब होता, बाजाराची जाण होती. त्यांच्याकडे नव्हता तो फक्त सातबाऱ्यावर नाव लावायचा हक्क.

२०२० सालच्या फेब्रुवारीत बेलव्ह्यू कॉलेजमध्ये एक भित्तिचित्र लागलं होतं. छावणीतली दोन जपानी-अमेरिकन मुलं, चित्रकार एरिन शिगाकी. सोबतच्या मजकुरात एक वाक्य होतं, ज्यात जपानीविरोधी मोहिमेच्या संदर्भात मिलर फ्रीमन यांचं नाव होतं. कॉलेजच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने ते वाक्य झाकून टाकलं. बोभाटा झाला, कॉलेजने माफी मागितली, वाक्य परत आलं, आणि मार्चमध्ये कॉलेजचे अध्यक्ष आणि त्या अधिकारी दोघांनाही पद सोडावं लागलं.

मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, बाकी मजकूर जसाच्या तसा ठेवून फक्त नाव काढलं, की अन्याय हवामानासारखा वाटायला लागतो. ‘तेव्हा तसं होतं’, संपलं. दुसरी, ते झाकलं गेलेलं लोकांच्या लगेच लक्षात आलं, कारण या कुटुंबांच्या मुला-नातवंडांनी आणि इतिहास जपणाऱ्यांनी तो हिशेब विसरू दिला नव्हता. १९८८ मध्ये अमेरिकन सरकारने माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी वीस हजार डॉलर द्यायचा कायदा केला, तोही अशाच चिवटपणामुळे.

तर मंडळी, बेलव्ह्यूत तुमचं कुणी असेल तर त्यांना हा भाग पाठवा. त्यांनी घर घेतलं असेल तर त्या जागेचा मागचा इतिहास शोधून बघायला सांगा. १९४२ च्या आधी तिथे कोण राबत होतं, कागदावर कुणाचं नाव होतं. काही सापडलं तर मला जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.