जावास्क्रिप्ट : प्रमाणभाषा आणि तिच्या बोली

भाषेचा प्रसार तिच्या अंगभूत गुणांमुळे होतो, की तिला लाभलेल्या स्थानामुळे? जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेचा अल्प इतिहास या प्रश्नावर बराच प्रकाश टाकतो.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीसाठी ही भाषा अवघ्या १० दिवसांत रचली. जावाशी तिचे नाते नामसादृश्यापुरतेच. १९९७ मध्ये ‘एक्मास्क्रिप्ट’ या नावाने तिचे प्रमाणीकरण झाले. सर्व ब्राउझरांना कळणारी भाषा हीच. त्यामुळे ती संपर्कभाषा बनली.

२००८ मध्ये आयफोनचे ॲप ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये, तर अँड्रॉइडचे जावामध्ये लिहावे लागे. ही दुहेरी मेहनत टाळण्यासाठी ‘फोनगॅप’ने ॲपच्या पोटात ब्राउझरच बसविला व आत जावास्क्रिप्ट चालविली. २०१५ मध्ये फेसबुकने प्रसिद्ध केलेल्या ‘रिॲक्ट नेटिव्ह’ने निराळा मार्ग धरला : विचार जावास्क्रिप्टचा, पण पडद्यावरील बटणे व याद्या त्या त्या फोनच्या स्वतःच्या.

फ्रेमवर्क ही या भाषेची जणू बोलीच होय. आणि बोली लवकर पालटतात. २०१३ मधील ‘आयोनिक’ हे ‘अँग्युलरजेएस’वर उभे होते. २०१६ मध्ये अँग्युलर मुळापासून नव्याने लिहिले गेले आणि आयोनिकलाही तोच मार्ग पत्करावा लागला. ज्यांनी केवळ जुन्या रचना पाठ केल्या होत्या, त्यांना पुन्हा श्रीगणेशा करणे प्राप्त झाले. फलन, व्याप्ती व घटनांचा क्रम ही मूळ भाषेची अंगे मात्र टिकून राहिली. तेव्हा, आधी व्याकरण आणि मग बोली, हाच क्रम विद्यार्थ्याने स्वीकारावा, असे या इतिहासावरून दिसते.